आबांच्या पोटातला ठोका

आमच्या आईला अंथुर्ण्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर बेंबी बसवणारी म्हणून ओळखत. पोटात दुखायला लागलं, हगवण थांबेना, जड पोतं उचलताना कळ आली, की लोक आधी तिच्याकडे येत आणि मग वाटलंच तर दवाखान्यात. बेंबी सरकते ही गोष्ट मी डॉक्टरकीच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही, पण आमच्याकडे ती शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. माणूस सकाळी अनशापोटी चटईवर उताणा निजतो. आई बेंबीवर तीन बोटं टेकवते आणि डोळे मिटते. बोटांखाली ठोका लागला तर बेंबी जागेवर. वर, खाली किंवा कडेला लागला तर सरकली. मग तेल लावून चोळायचं, पायाचे अंगठे ओढायचे, आणि बेंबी फारच हटवादी असेल तर कणकेच्या गोळ्यात पेटती वात खोचून पोटावर ठेवायची आणि वर तांब्या पालथा घालायचा. वात विझते, तांब्या पोटाला घट्ट चिकटतो, आणि आलेला माणूस बरा होऊन जातो. निदान तसं सांगत तरी जातो.

मी बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत निवृत्त झाले. त्यामुळे या विषयावर माझी आणि आईची जुंपायची, ती अगदी दर सुट्टीला. मी तिला कितीदा सांगितलं की तो ठोका बेंबीचा नसतो. हृदयातून निघालेली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, पाठीच्या कण्याला धरून पोटातून खाली जाते, तिचा तो ठोका. बारीक माणसाच्या पोटावर हात ठेवला की कुणालाही लागतो.

"आसंल की," आई म्हणायची. "पर जागेवर हाय का न्हाय, ते तर कळतंय न्हवं?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडायचे, ती हसायची, आणि तेवढ्यात दारात पोट धरून कुणीतरी उभं राहायचं. मला बाजूला सारून ती चटई अंथरायची.

तिच्या हाताची सगळ्यात मोठी शाबासकी आबांना होती. आबा म्हणजे आमचे वडील. किडकिडीत, काटक, आयुष्यभर उसात आणि ट्रॅक्टरवर गेलेला माणूस. विडी एवढीच चैन. ती मात्र अशी की ट्रॅक्टरचा आवाज यायच्या आधी वास यायचा. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या पोटातला ठोका नुसत्या डोळ्यांना दिसायला लागला. दुपारी जेवून ते घराच्या पुढच्या सोप्यात उताणे पडत, तेव्हा बेंबीच्या जरा वर कातडी उडायची, थांबायची, पुन्हा उडायची. आई तिथं बोटं टेकवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "बगा, ह्या वयात. तिशीतल्या गड्याची न्हाय आशी उडतीया."

आबा त्यावर एक खेळ करायचे. डोक्यावरची टोपी काढून पोटावर ठेवायचे. टोपी टुकटुक हलायची. नातवंडं खिदळायची, "आबांची टोपी नाचती, आबांची टोपी नाचती!" माझी पोरं बारामतीहून खास ती टोपी बघायला यायची. आम्ही मोठेही हसायचो. माझा भाऊ म्हणायचा, आबांच्या पोटात बिनडिझेलचं इंजिन हाय. मीही हसायचे. मी तर इतकं शिकलेली, मला ती रक्तवाहिनी कुठून कुठं जाते ते माहीत होतं, फळ्यावर तिचं चित्र डोळे मिटून काढता येत होतं. ती फुगते, हे मात्र मला माहीत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात ती कायम तरणीच असते.

ऊसतोडीचे दिवस होते. आबांची कंबर धरली. एका जागी बसवेना, निजवेना. सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. भाऊ म्हणाला, ट्रॅक्टरच्या सीटचा फोम गेलाय. मी फोनवरून म्हणाले, मणक्यात गॅप असेल, बारामतीला या, फोटो काढू. आबांना दवाखान्याचं वावडं होतं. त्यांनी आईकडे बघितलं. आईनं त्यांना चटईवर निजवलं, बोटं टेकवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "बेंबी जागेवर हाय. ठोका तर आसला जोरात, की बोट ठरू देत न्हाय. पोटाचं काय सुदिक न्हाय. कंबरच हाय, शेकून काडू."

भावानं मला हे फोनवर जसंच्या तसं सांगितलं. आईनं पोट बघितलंय म्हटल्यावर घरात सगळ्यांचा जीव खाली बसला. खोटं कशाला सांगू, माझाही बसला. तिच्या शास्त्रावर माझा विश्वास नव्हता, तिच्या हातावर मात्र होता. लहानपणापासून तो हात पोटावर पडला की दुखणं निम्मं व्हायचं, ते कुठं जातं?

दोन विटा तापवून, फडक्यात गुंडाळून आईनं त्यांची कंबर शेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता आबा आडवे झाले. अंग घामानं थबथबलेलं, पोट दगडासारखं. भावानं गाडीत घातलं आणि उसाच्या ट्रेलरांमधून वाट काढत बारामती गाठली. मी दवाखान्याच्या दारातच उभी होते. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. सोनोग्राफी केली. म्हणाले, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली होती, ती फुटली आहे. पुण्याला हलवायला हवं, पण वेळ नाही. अॅम्ब्युलन्सचं दार उघडं होतं, आणि आबा गेले.

आई घरी होती. तिला काय सांगायचं, हे दवाखान्याच्या जिन्यात भावानं आणि मी ठरवलं. भाऊ लहान पोरासारखा रडत होता. "अक्का, आईला ह्यातलं काय बी सांगू नगंस. तिला कळलं की ते उडत हुतं त्योच रोग हुता, तर ती ऱ्हायाची न्हाय." मला ते पटलं. हार्ट अटॅक आला, असं आम्ही सांगितलं. हार्ट अटॅक हा शब्द बरा. तो कुणालाही येतो, त्यात कुणाचा हात नसतो.

माझा स्वभाव असा, की एखादं गणित सुटलं नाही तर झोप लागत नाही. दिवसकार्य उरकल्यावर मी त्या डॉक्टरांना भेटायला गेले. गृहस्थ वयस्क आणि सोशिक होते. मी सांगितलं की मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मला लहान मुलासारखं समजावू नका. त्यांनी तरीही तसंच समजावलं, आणि ते बरंच झालं.

ते म्हणाले, महाधमनीच्या भिंतीत ताणून परत जागेवर येणारे लवचीक तंतू असतात. ते आपल्या वाढीच्या वयात तयार होतात आणि पुढं आयुष्यभर तेच पुरवायचे असतात. नवे जवळजवळ मिळत नाहीत. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ते ताणले जातात आणि सैल पडतात. वय वाढलं की झिजतात, तुटतात. मग भार येतो दुसऱ्या, ताठ धाग्यांवर. भिंत कडक होते. पोटात खालच्या बाजूला तर लवचीक थर आधीच कमी. शिवाय भिंतीतल्या पेशीही म्हाताऱ्या होतात. काही मरून जातात. काही मरत नाहीत. काम सोडतात पण जागा सोडत नाहीत, आणि बसल्या बसल्या शेजारच्यांनाही बिघडवतात, सूज धरवतात, भिंत पोखरणारे रस सोडतात, असं आता संशोधकांना वाटतं. मला आमच्या गावच्या सोसायटीतले जुने संचालक आठवले. अशा दुःखातही मला हसू आलं आणि त्याची लाज वाटली.

"म्हणजे हे म्हातारपणच?" मी विचारलं.

"नुसतं म्हातारपण नाही," ते म्हणाले. "वयानं भिंती सगळ्यांच्याच कडक होतात, पण फुगतात थोड्यांच्या. विडी, रक्तदाब, घराण्यात असणं, असं बरंच काही त्यात मिळतं. नेमकं कोणी किती केलं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. एकदा जागा फुगली की तिथला ताण वाढतो, ताण वाढला की आणखी फुगते. वेळेवर कळलं तर काही करता येतं."

वेळेवर कळलं तर. मी ते तीन शब्द घेऊन घरी आले आणि कुणालाच दिले नाहीत. आणखी एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली होती, ती लपवून चालणार नव्हती. हे वडिलांकडून मुलाकडे येऊ शकतं. भावानं एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

भावाला मी हे सांगितलं तेव्हा त्याला लगेच पटलं. टायरच्या आतला दोरा तुटला की बाहेर फुगा येतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण पटणं वेगळं आणि जाणं वेगळं. आधी उसाची तोड होती, मग नव्या उसाची लागण होती, मग कुणाचं तरी लग्न होतं. विडी सोडली म्हणायचा, पण खिशात काडेपेटी असायचीच, आणि विचारलं की ती देवापुढच्या उदबत्तीसाठी आहे म्हणायचा. देवाला इतक्या उदबत्त्या लागत असत्या तर देव खोकला असता. मी भांडले, बोलणं बंद केलं, परत सुरू केलं. आबांच्या वर्षश्राद्धापर्यंत त्यानं मला असंच झुलवलं.

शेवटी त्याचीच कंबर धरली. घाबरून त्यानं मला फोन केला, आणि माझ्याशी बोलतोय तोवर आई मागं येऊन उभी राहिली. कंबर, पोट, सोनोग्राफी एवढं तिच्या कानावर पडलं. तिनं चटई आणली. भावानं पहिल्यांदाच तिला नको म्हटलं. "दवाखान्यातच दावतो, आई."

"मंग मी बी येती," ती म्हणाली. आम्ही दोघांनी परोपरीनं सांगून बघितलं. ती आधीच लुगडं बदलायला गेली होती.

सोनोग्राफीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. लाघवी बोलायच्या. आई बाहेर बसेना, म्हणून तिला आत येऊ दिलं. भाऊ टेबलावर निजला, शर्ट वर केला. बाईंनी पोटावर थंडगार चिकट काहीतरी लावलं आणि पडद्यावर करडं-काळं हलायला लागलं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होते, की ही पोरगी आबांचं नाव काढू नये.

तिनं काढलं. तिचा काय दोष? जुने कागद भावानंच दाखवले होते. "वडिलांची इथंच फुगली होती ना," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "बघू, तुमची कशी आहे."

"काय फुगलं हुतं?" आईनं विचारलं.

भावानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आई, मागनं सांगते." पण बाईंना वाटलं, म्हातारीला उत्तर न देणं बरं दिसत नाही.

"आजी, पोटातली मोठी रक्तवाहिनी. वयानं तिची भिंत कमजोर होते आणि फुग्यासारखी फुगते. कधी कधी बाहेरूनही जाणवते. पोट उडतं."

"उडतंय?"

"हो. म्हणजे ठोका प्रत्येकाला असतो, आजी. तो वेगळा आणि हा वेगळा." तिनं आपल्या दोन्ही हातांची बोटं भावाच्या बेंबीच्या दोन अंगांना ठेवून दाखवली. "अशी बोटं ठेवायची. साधा ठोका बोटांना वर उचलतो. फुगलेली असली की बोटं बाजूला सारतो, एकमेकांपासून लांब."

आई टेबलाजवळ गेली होती. तिनं भावाच्या पोटाला हात लावला नाही. आपल्याच दोन बोटांकडे बघत राहिली आणि ती फाकवून म्हणाली, "आशी?"

"अगदी अशी."

"आन् आदी कुणाच्या हाताला लागलं आसतं तर?"

मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, पण त्या आईकडे बघत होत्या. "तर लवकर कळलं असतं आजी. ऑपरेशन करता आलं असतं कदाचित."

"माज्या हाताला लागलं हुतं," आई म्हणाली.

बाईंना आता सगळं कळलं असावं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या, आजी, तुम्हाला कसं कळणार, मोठमोठ्या डॉक्टरांनाही हातानं कळत नाही, असं काहीबाही म्हणाल्या. आईनं मान हलवली. भावाची रक्तवाहिनी जराशी रुंद निघाली. कंबरदुखीचा तिच्याशी संबंध नव्हता, पण दर वर्षी येऊन मोजून घ्यायला सांगितलं, रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि विडी-सिगारेट बंद. ही बातमी चांगली होती. आम्हाला कुणालाच तिचं काही वाटलं नाही.

गाडीत आई मागं माझ्याजवळ बसली. लासुर्णे गाव मागं पडलं. मला वाटलं, ती आम्हाला विचारेल की लपवलं का. मी उत्तरं जुळवत होते. तिनं ते विचारलंच नाही.

"त्यांनी ईचारलं हुतं मला," ती म्हणाली. "हे उडतंय, ते बरं हाय न्हवं? आसं ईचारलं. एकदा न्हाय, लई बारी. मी म्हणायची, ज्येचा ठोका मोटा त्येचं आयुष्य मोटं. मग गप हुयाचे."

भावानं गाडी हळू केली. मला टोपीचा तो खेळ आठवला. आम्हाला वाटायचं, आबा पोरांना हसवतात. आता वाटलं, त्या माणसाला आपल्या पोटाची भीती वाटत असेल, आणि आम्ही सगळे हसलो की ती जरा कमी होत असेल. घरात इतकी माणसं होती. आबांनी बायकोला विचारलं, आणि बायकोनं आपल्याजवळ होतं त्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर दिलं. तिची चूक मला अजून धड सापडत नाही. ठोका जोरात म्हणजे माणूस जोरात, यापेक्षा सरळ हिशेब कुणी केला असता? आणि तरी मला तिचा राग आला, त्या डॉक्टरीणबाईंचा आला, आबांच्या विडीचा आला, आणि फळ्यावर ते चित्र काढून मुलांना घोकून घेणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त आला. राग येऊन उपयोग काय, बैल गेला आणि झोपा केला.

मी तिचा हात हातात घेतला. म्हणाले, "आई, तुझ्यामुळं नाही गं. त्यांची भिंतच जुनी झाली होती."

"जुनी झालती, ते खरं," ती म्हणाली. "पर मी रोज तिच्यावर हात ठेवत हुते." आणि हात सोडवून घेऊन तिनं पदर सावरला.

त्यानंतर लोक येत राहिले. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय अशी एका दिवसात जात नाही. आई दारातच सांगायची, "दवाकान्यात न्या." बायांना वाटायचं, म्हातारी थकली, काहींना वाटायचं, मुलीनं डोक्यात काहीतरी भरवलं. कुणी कुणी रागावूनही गेल्या. ज्या गोष्टीसाठी मी तिच्याशी जन्मभर भांडले ती गोष्ट झाली होती. लोक आता आधी डॉक्टरकडे जात होते. यात मला जिंकल्यासारखं काहीएक वाटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी चार दिवस गावी राहायला गेले. आंब्याचा रस जरा जास्तच झाला असावा; दुपारी पोटात मुरडा यायला लागला. सोप्यात पंख्याखाली मी उताणी पडले. या वयात, डोक्यावरचे केस पांढरे झालेले असताना, मला एकाएकी तिचा हात हवा झाला. बेंबी सरकत नाही हे मला ठाऊक होतं. तरी हवा झाला.

"आई," मी म्हणाले, "बघ की गं जरा."

ती जवळ येऊन बसली. माझ्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. मी तिचं मनगट धरून तिचा हात माझ्या पोटावर नेला. तो टेकायच्या आतच तिनं मागं घेतला आणि मांडीवर ठेवून त्यावर दुसरा हात दाबला.

"नगं बाय," ती म्हणाली. "माज्या हाताला सगळंच बरं लागतंय."

मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि ओवा आणायला आत गेली.